फणा नसलेला साप

सापाचा फोटो म्हटला की फणा आलाच. नागपंचमीच्या पाटावर, भिंतीवरच्या कॅलेंडरात, मोबाइलच्या पडद्यावर, सगळीकडे तोच ताठ उभा राहिलेला, आपल्यावर नजर रोखलेला नाग. खरं तर नाग फणा काढतो तो भेदरल्यावर. एरवी तो जमिनीसरसा, जीभ आतबाहेर करत उंदराच्या बिळांचा माग काढत फिरतो, आणि तेव्हा त्याची मान धामणीइतकीच साधी दिसते. पिढ्यान्‌पिढ्या आपण जमवत आलो ती घाबरलेल्या नागाची चित्रं.

हरणटोळाचंही तेच. छायाचित्र स्पर्धांमधून दिसणारा हरणटोळ बहुधा आ वासलेला असतो. मान फुगलेली, खवल्यांमधली काळीपांढरी कातडी ताणून बाहेर आलेली. हा सारा अवतार समोरच्याला हाकलण्यासाठी. निवांत असलेला हरणटोळ आंबोलीच्या कारवीत पावसाळी सकाळी हातभर अंतरावर असला, तरी सहज दिसत नाही. एकदा दिसला की मात्र नजर हटत नाही. त्याची बाहुली आडवी, कुलपाच्या भोकासारखी. डोळ्यापासून नाकाडापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक खोबण, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी समोरचं दिसतं. सापांत ही सोय विरळा. सरडा टप्प्यात आला की तो वाऱ्यावर हलणाऱ्या काटकीसारखा मागेपुढे झुलत पुढे सरकतो. हे सगळं टिपायचं तर त्याला आपली दखल घ्यावीशी वाटता कामा नये, आणि नेमकं तेच कठीण.

सापांची चित्रं काढण्याचा इतिहास पाहिला तर बराच काळ हा प्रश्नच नव्हता. पॅट्रिक रसेलचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा ग्रंथ १७९६ सालचा, जोसेफ फेररचा विषारी सापांवरचा १८७२ चा. चित्रं देखणी, पण समोर साप असे तो पकडून आणलेला किंवा मेलेला. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या संग्रहातलेही साप बाटलीतले, द्रावणात रंग उडालेले. त्याच शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर सरकारी बक्षीस होतं आणि लोक ती ढिगांनी मारून आणत. साप पाहिला याचा पुरावा म्हणजे मेलेला साप.

मग जिवंत साप आला, पण हातात. हाफकिन संस्थेतल्या डॉ. पी. जे. देवरस यांचं भारतीय सापांवरचं पुस्तक १९६५ मध्ये आलं आणि सामान्य वाचकाला विषारी-बिनविषारी कळू लागलं. १९८० साली नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांनी पहिली घोणस पाहिली ती तिथे. २०१६ मध्ये सह्याद्रीतल्या काळ्या खापरखवल्या सापाच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी खैऱ्यांचं नाव दिलं. मात्र साप हातात धरायच्या त्या पिढीच्या कौशल्याची नक्कल पुढे फार झाली. नाग गळ्यात घालून किंवा त्याच्या फण्याचं चुंबन घेत फोटो काढणाऱ्यांनी सर्पमित्र या शब्दाची पार रया घालवली. कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पकडणंही येतं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांच्या मिरवणुका न्यायालयाच्या आदेशांनंतर थांबल्या, आणि तो वाद अजून धुमसतो आहे.

बंदिस्त सापाचा फोटो काढण्यात कमीपणा काही नाही. काचेला लेन्सचा हूड टेकवला की प्रतिबिंब जातं, फ्लॅश काढून तिरका धरला की चकाकी जाते. शिकायला याहून चांगली जागा नाही. अट एवढीच की तो फोटो जंगलातला म्हणून खपवू नये. जाणत्याला ते कळतंच. काचेवर घासून घासून अशा सापाच्या नाकपुडीपुढचा खवला झिजलेला असतो, कधी डोळ्यावर जुन्या कातेचा पापुद्रा राहून गेलेला असतो. याबाबतीत मला चेन्नईजवळची इरुळ आदिवासींची सहकारी संस्था महत्त्वाची वाटते. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत तोंडाला फडकं बांधलेल्या मातीच्या मडक्यांत साप ठेवतात. तीन-चार आठवड्यांत काही वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि सोडून देतात. तोच साप पुन्हा सापडला तर खुणेवरून ओळखू येतो. देशातल्या प्रतिविषाला लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा इथून जातो. इथला बंदिवास मुदतीचा आहे आणि त्याला कारण आहे.

आता रानातली गोष्ट. कॅमेरे स्वस्त झाले तसं पावसाळ्यात आंबोलीला ‘हर्पिंग’ला, म्हणजे साप-बेडूक शोधत फिरायला, जाणाऱ्यांची रीघ लागली. सगळ्यांना हवा असतो मलबारी चापडा. हिरवा, तपकिरी, पिवळसर, एकाच जातीत किती रंग! हा दबा धरून बसणारा साप, एकाच फांदीवर दिवसचे दिवस राहतो. त्यामुळे एकाला सापडला की रात्रीपर्यंत दहा बॅटऱ्या त्याच्यावर रोखलेल्या. डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खाचेतून त्याला उष्णता कळते, तेव्हा अंधारात जवळ आलेलं प्रत्येक तापलेलं तोंड त्याला जाणवत असतं. तरी तो हलत नाही. लोकांना वाटतं, किती शांत आहे. बेडूक मात्र एवढ्या गर्दीत फिरकत नाहीत आणि साप उपाशी राहतो.

न हलणाऱ्या सापाची ही कथा, हलणाऱ्याचे हाल वेगळेच. त्याच्यावर टोपली किंवा भांडं पालथं घालायचं, आत त्याने वेटोळं केलं की झाकण उचलून खटाखट फोटो घ्यायचे. काही महाभाग साप थंड पडावा म्हणून फ्रिजमध्येही ठेवतात. शेवाळलेल्या दगडाच्या मधोमध घट्ट वेटोळं, त्यावर बरोबर मध्यभागी डोकं, मागे धूसर हिरवळ, असा फोटो दिसला की मला आधी टोपली दिसते. जमिनीखाली राहणाऱ्या खापरखवल्याचं काय, असं कोणी विचारेल. तो पावसात रस्ता ओलांडताना भेटतो, तेव्हाच काय ते दोन-चार फोटो. मऊ, पसरलेल्या उजेडात त्याच्या काळ्या अंगावर निळ्याजांभळ्या छटा उमटतात, थेट फ्लॅशमध्ये नुसती पांढरी तिरीप येते.

देखण्या फोटोपेक्षा उपयोगी फोटो वेगळा असतो, हे अशोक कॅप्टन यांनी मराठी मुलखातल्या हौशी लोकांना शिकवलं. रोम्युलस व्हिटेकर यांच्याबरोबरची त्यांची २००४ ची मार्गदर्शिका उघडून पाहावी. डोक्याचे खवले वरून, बाजूने, अंग मधोमध, शेपूट खालून. अशा फोटोंचं मोल घरात साप निघाल्यावर कळतं. बिनविषारी कवड्या आणि जहरी मण्यार यांत भलेभले फसतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलट. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षट्‌कोनी. दुरून झूम करून काढलेला एक स्वच्छ फोटो जाणत्याला पुरतो, काठी घेऊन मागे लागायचं कारण नाही. दंश झालाच असेल तर फोटोच्या नादी न लागता दवाखाना गाठावा. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार.

सापाला कळू न देता पाहण्याचं फळ कोयनेच्या जंगलात मिळालं. २०१९ मध्ये तिथल्या एका मांजऱ्या सापाची नवी जात म्हणून नोंद झाली, तेजस ठाकरे यांचं नाव असलेली. हा साप बेडकांची अंडी खाताना जंगलातच पाहिला गेला. टोपलीखालच्या सापाने ही गोष्ट कधीच सांगितली नसती. हिमाचलातल्या चंबा जिल्ह्यात २०२० च्या टाळेबंदीत एका विद्यार्थ्याने घरामागच्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. तो अभ्यासकांच्या नजरेस पडला आणि पुढच्या वर्षी कुकरी सापाची नवी जात जाहीर झाली.

पण त्या फोटोबरोबर जागा कळली म्हणून अभ्यासक तिथे पोहोचू शकले, आणि जागा कळण्याचं दुसरं टोक म्हणजे मांडूळ. दुतोंडी मांडूळ घरात आला की पैसा येतो, या खुळापायी त्याची तस्करी चालते आणि महाराष्ट्रात त्याच्या जप्तीच्या बातम्या येतच असतात. हल्ली मोबाइलच्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदलं जातं. नोंदणीच्या काही संकेतस्थळांवर दुर्मीळ जातींचं ठिकाण मुद्दाम ढोबळ दाखवतात, ते ठीकच. पण मित्रांच्या गटावर पाठवलेल्या फोटोला असली चाळणी नसते. म्हणून मांडूळ दिसला तर मी तालुक्याचं नावसुद्धा लिहीत नाही, आणि कोणी विचारलं तर जिल्ह्यापाशी थांबतो.