होडीचा नांगर : नुसते वजन पाहून घेऊ नका

आपल्या कोकण किनाऱ्यावरील अनेक बांधवांचे पोट लहान होडीवर आहे. होडी घेताना मालक इंजिनासाठी दहा ठिकाणी चौकशी करतो, लाकूड ठोकून पाहतो. नांगर मात्र तो लोहाराकडे जाऊन किलोच्या भावाने घेऊन येतो. जितका जड तितका चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज महागात पडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका नातलगाची २० फुटी होडी उधाणाच्या रात्री खाडीत सरकली आणि कातळावर बसून फुटली. कर्ज अजून फिटायचे होते. नांगर चांगला १५ किलोचा होता आणि दोरही तुटलेला नव्हता. मग चूक कोठे झाली?

उर्दूत ज्याला आपण लंगर म्हणतो त्याला मराठीत नांगर म्हणतात. शेतकऱ्याच्या अवजाराचेही नाव तेच, आणि दोघांचे कामही एकच. शेतातला नांगर जसा जमिनीत घुसतो तसाच होडीचा नांगरही तळाशी रुतून बसतो. होडीला मुख्यतः ही पकड धरून ठेवते. मात्र ओढ आडवी असेल तरच नांगर रुततो. ओढ वरच्या दिशेने लागली की तो उपटून निघतो.

म्हणून पहिला हिशेब दोराच्या लांबीचा. आमच्या नातलगाने ओहोटीला पाणी मोजले, ते २ मीटर भरले. त्याने पाचपट म्हणून १० मीटर दोर सोडला. रात्री भरतीने पाणी ३ मीटर चढले. होडीची नाळ पाण्यापासून १ मीटर उंच. म्हणजे खरी खोली ६ मीटर झाली आणि दोर दुप्पटही उरला नाही. ओढ वर लागली, नांगर सुटला. हिशेब नेहमी भरतीच्या पाण्याचा करावा व त्यात नाळेची उंची मिळवावी. या बेरजेच्या पाचपट, म्हणजे येथे ३० मीटर, आणि वारा असल्यास सातपट, म्हणजे ४२ मीटर दोर हवा. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक ४ मीटरच्या वर जातो. दक्षिणेस रत्नागिरी, मालवणकडे तो कमी होत जातो.

दुसरी गोष्ट तळाची. खाडीत चिखल किंवा वाळू असेल तर दोन रुंद, चपट्या पात्यांचा नांगर घ्यावा. अमेरिकेतील रिचर्ड डॅनफोर्थ यांनी १९४० च्या सुमारास तो तयार केला. तो हलका असूनही वजनाच्या कितीतरी पट ओढ सोसतो. २० फुटी होडीला ५ ते ७ किलोचा असा नांगर रोजच्या कामाला पुरतो. मात्र प्रवाह उलटला की तो कधी निसटतो, त्यावर लक्ष ठेवावे. कातळावर चार काट्यांचा नांगर चालतो, पण चिखलात त्याचे बारीक काटे नुसते ओरखडे काढतात. तो कपारीत अडकू नये म्हणून त्याच्या बुडाला वेगळी दोरी व बोया बांधावा. तिसरा प्रकार शेतातल्या फाळासारखा. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये तो समुद्री विमानांसाठी काढला. तो निरनिराळ्या तळांवर चालतो, पण वजन आणि किंमत जास्त.

आता दोर. हा विषय आमच्या धंद्याच्या जवळचा आहे. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त मिळतो, पण तो पाण्यावर तरंगतो, पंख्यात अडकतो आणि उन्हाने कुजतो. नायलॉन बुडतो व ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोचत नाही. लहान होडीला १० ते १२ मिलीमीटर जाडीचा नायलॉन घ्यावा. दोर आणि नांगर यांच्यामध्ये निदान ४-५ मीटर साखळी घालावी. तिच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि दगडावर दोर कापला जात नाही. कडीचा पेच तारेने बांधावा. दोर नाळेवर घासतो तेथे जाड कापड गुंडाळावे.

नांगर फेकू नये. वाऱ्याकडे तोंड करून सावकाश सोडावा, होडी मागे जाऊ द्यावी आणि मग इंजिन हळू उलटे चालवून तो रुतला की नाही ते पाहावे. किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात; त्या हलल्या तर होडी सरकते आहे असे समजावे. मागच्या बाजूने नांगर कधीही बांधू नये, लाट आत शिरते.

नांगर बनविणाऱ्या बांधवांनीही गिऱ्हाईकाला प्रथम विचारावे, होडी कोठे उभी करणार? जोड पक्का करावा आणि जस्ताचा मुलामा द्यावा.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत साखळी, कडी आणि दोर हातात घेऊन तपासावेत. दोर ४ मीटर जास्त घेतला तर खर्च थोडा, कमी घेतला तर होडी आणि तीवरील खलाशी दोन्ही धोक्यात.