मानसिक आरोग्य साहाय्याची पहिली पायरी

‘ठाण्याला पाठवणे’ हा उपहासात्मक शब्दप्रयोग १९०१ साली स्थापन झालेल्या ठाणे मनोरुग्णालयावरून रूढ झाला. त्यामागील धास्तीमुळे वसई तालुक्यातील गिरीजसारख्या गावातील विद्यार्थी आपली व्यथा लपवू शकतो. वस्तुतः पहिली पायरी रुग्णालय नसून विश्वासू व्यक्तीशी संवाद ही होय. झोप, भूक वा अभ्यासातील बदल दोन आठवडे टिकल्यास प्राध्यापकाने एकांतात विचारपूस करावी. निदान करू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य, अहोरात्र समुपदेशन मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांचा व गोपनीयतेचा हक्क दिला आहे. विद्यार्थ्याने आत्महत्येचा विचार बोलून दाखविल्यास मात्र त्याला एकटे न सोडता तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.