विषण्णतेची मुळे

26 नोव्हेंबर 2023 रोजी निफाड तालुक्यात गारपीट झाली आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत असलेल्या कित्येक द्राक्षबागा पाहता पाहता उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर अवघ्या 12 दिवसांनी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि लासलगावच्या बाजारसमितीत भाव कोसळले. पंचनामे झाले, नुकसानीच्या याद्या तालुक्याच्या कचेरीत पोहोचल्या. परंतु जिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही अशी एक हानी अशा हंगामानंतर माणसांच्या अंतःकरणात मागे उरते.

दुःख होणे हा विकार नव्हे. मात्र दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मन कशातच रमेनासे झाले, झोप आणि भूक मोडली, आपण निरुपयोगी आहोत ही भावना दिवसभर पाठ सोडीना, तर त्या अवस्थेला वैद्यकशास्त्र नैराश्याचा विकार म्हणते. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच गारा पडतात. एक शेतकरी महिन्याभरात सावरतो, दुसरा बागेकडे फिरकतही नाही. दुसऱ्याविषयी ‘मनाचा कच्चा’ असा निवाडा गाव सहज देऊन टाकते, आणि तो मला नुसता चुकीचाच नव्हे, तर क्रूरही वाटतो.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की, या विकाराच्या प्रवणतेतील सुमारे एक तृतीयांशाहून काहीसा अधिक वाटा आनुवंशिकतेचा असतो. थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेहासारखी दीर्घ व्याधी यांचाही त्यात हात असू शकतो, म्हणून रक्ततपासणी ही उपचाराची पहिली पायरी ठरते. मेंदूतील एखादे रसायन कमी पडले म्हणून नैराश्य आले, हे लोकप्रिय स्पष्टीकरण मात्र अपुरे आहे. औषधांनी अनेकांना गुण येतो हे खरे असले, तरी त्यावरून विकाराचे मूळ केवळ रसायनात आहे असे सिद्ध होत नाही.

ही कारणे एकमेकांपासून अलग राहत नाहीत, हेच ध्यानात घेण्याजोगे आहे. सोसायटीचे कर्ज थकते, वसुलीची नोटीस येते, त्या धास्तीने झोप उडते. झोपेवाचून शरीर सतत ताणलेले राहते, तो ताण सैल करण्यासाठी कोणी दारू जवळ करतो, आणि दारू झोपेची उरलीसुरली घडीही विस्कटून टाकते. देणेकऱ्यांची तोंडे चुकवावीत म्हणून लग्नकार्याला जाणे थांबते, पारावरचे बसणे सुटते, आणि ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असा माणूसच उरत नाही. पुढे नैराश्यच कर्ज वाढवू लागते: भरपाईच्या अर्जावर सही करण्यासाठी तलाठ्याकडे जाण्याइतकेही बळ अंगात राहत नाही, मुदत टळते, व्याज चढते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे तिथे घरच्यांनाही दुरापास्त होते.

जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून 1978 साली असे दाखवले की, मोठ्या आघातानंतर नैराश्य कोणाला गाठील हे विश्वासाच्या जिव्हाळ्याच्या माणसाच्या असण्यानसण्यावर बरेचसे अवलंबून असते. गोव्यात नवमातांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांत हा विकार आढळला; दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी जन्मल्याची निराशा यांच्याशी त्याचा संबंध होता. हंगाम बुडाल्यावर आपण चिंता करतो ती घरच्या कर्त्या पुरुषाची. त्याच छपराखाली उसनवारी करून चूल चालवणारी, गुडघे दुखतात, डोके चढते एवढेच दवाखान्यात सांगणारी त्याची पत्नी कोणाच्या हिशेबात नसते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2016 साली नोंदवले की, सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही दरी बुजवता येते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींची उपचारपद्धती राबवली. रुग्णाला हळूहळू कामाकडे व माणसांकडे परत आणणे आणि त्याच्या अडचणींतून वाट काढायला साह्य करणे हे तिचे स्वरूप होते. तीव्र नैराश्याचे रुग्णही तिने सुधारले, हे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. निफाड-दिंडोरीच्या आरोग्य केंद्रांत असे समुपदेशक नेमावेत, अशी मागणी ग्रामसभांनी ठराव करून धरली पाहिजे. तोवर, ज्याला किंवा ज्याच्या घरच्यांना आजच कोणाशी बोलायची निकड आहे, त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतून उपलब्ध आहे.