बाळाला जमीन हवी

नुकतंच चालायला लागलेलं मूल तासाभरात किती पावलं टाकत असेल? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खरोखरच मोजली. साधारण वर्ष ते दीड वर्षाची मुलं खेळण्यांच्या खोलीत मोकळी सोडायची, त्यांचं चित्रीकरण करायचं आणि मग एकेक पाऊल मोजत बसायचं, असं ते चिकाटीचं काम होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा: तासाला सरासरी २,३६८ पावलं, सुमारे ७०० मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं.

हे सगळं मुलं आपणहून करत होती, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. चेंडूकडे निघालेलं मूल मध्येच बाजूला वळतं, दोन पावलांवर थबकतं, बुडावर आपटतं, दोन्ही हात टेकून ढुंगण वर करतं आणि उठून भलत्याच दिशेने चालू लागतं. पडल्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. मोठ्यांनी ‘अगं बाई, पडला!’ म्हणत धाव घेतली, की मात्र रडू फुटतं. पहिल्या पाच वर्षांतला व्यायाम म्हणतात तो हाच. त्याला शिक्षक लागत नाही, क्लास लागत नाही. स्वच्छ मोकळी जमीन, हातपाय हलवता येतील असे सैल कपडे आणि लक्ष ठेवून जवळ बसलेलं एक माणूस एवढं पुरतं. पण शहरातल्या घरांत नेमकी जमीनच बाळाच्या वाट्याला कमी येऊ लागली आहे. पलंग, पाळणा, बाबागाडी, कारमधली सीट, वॉकर आणि उरलेला वेळ कुणाच्या तरी मांडीवर, असा कित्येक बाळांचा दिवस जातो.

पहिल्या वर्षात शरीर ज्या वेगाने वाढतं, त्या वेगाने ते पुढे कधीच वाढत नाही. जन्माच्या वेळचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी वर्षाला ७५ सेंटिमीटरवर जाते आणि चौथ्या वर्षी मूल मीटरभर उंच होतं. मेंदूचं वजन जन्मतः मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव असतं, ते दुसऱ्या वर्षाअखेर पाऊणपर्यंत पोचतं. या वाढीबरोबर स्नायूंवरचा ताबाही येत जातो. तो डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे सरकतो. म्हणून आधी मान धरली जाते, मग बाळ पालथं पडतं, मग बसतं आणि पाय सर्वांत शेवटी त्याचं ऐकू लागतात.

‘आमची वर्षाची व्हायच्या आत चालली, हा अजून रांगतोच आहे,’ हे वाक्य प्रत्येक आईला कधी ना कधी ऐकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, ब्राझील, ओमान, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. याच अभ्यासातून २००६ साली वाढीचे नवे तक्ते निघाले आणि आज अंगणवाडीत बाळाचं वजन त्यांच्यावरच नोंदलं जातं. त्यांतल्या पाच देशांतल्या मुलांच्या हालचालींचीही नोंद झाली. आधाराशिवाय बसायला कुणी चौथ्या महिन्याच्या सुमारास लागलं, कुणी नवव्या. एकट्याने चालण्याची मुदत तर ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेली निघाली. म्हणजे दहाव्या महिन्यात चाललेलं मूल आणि सोळाव्या महिन्यात चाललेलं मूल ही दोन्ही तितकीच निरोगी असू शकतात. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालली. शेजारच्या बाळाशी तुलना करून रात्रीची झोप घालवण्यात काही अर्थ नाही.

मुलं चालायला कशी लागतात, याबद्दल शास्त्रज्ञांचं मतही बदलत गेलं आहे. नवजात बाळाला काखेत धरून तळवे जमिनीला टेकवले, की ते चालल्यासारखे पाय उचलतं. दोनेक महिन्यांत ही हालचाल नाहीशी होते. मेंदू पक्व होऊ लागला, की ही प्रतिक्षिप्त क्रिया आपोआप दबते, असं अनेक वर्षं मानलं जाई. एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेला ते पटेना. पाळण्यात उताणी असलेली हीच बाळं तशाच लयीत पाय झाडत असतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग मांडला. ज्यांचं पावलं टाकणं कमी झालं होतं, अशी बाळं त्यांनी छातीपर्यंत कोमट पाण्यात उभी धरली. बाळं पुन्हा जोमाने पावलं टाकू लागली. उलट पायांना छोटी वजनं बांधली, तेव्हा पावलं कमी झाली. त्या महिन्यांत बाळाच्या मांड्यांवर चरबी भराभर चढते आणि ते वजन उचलण्याइतकी ताकद स्नायूंत अजून आलेली नसते, एवढंच त्यामागचं कारण होतं. हालचाल मेंदूतल्या घड्याळाप्रमाणे आपसूक उमलत नाही; शरीराचं वजन, स्नायूंची ताकद आणि सराव हे सगळं जुळून यावं लागतं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं.

सरावाचं महत्त्व केनियातल्या किप्सिगिस समाजातही दिसलं. चार्ल्स सुपर यांनी १९७० च्या दशकात तिथल्या एका खेड्यातली बाळं पाहिली. तिथल्या आया बाळाला मुद्दाम बसायला आणि चालायला शिकवत. जमिनीत खळगा करून, भोवती कापड लावून त्यात बसवत. ती बाळं अमेरिकेतल्या बाळांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसत आणि चालत. रांगण्यात मात्र ती पुढे नव्हती, कारण त्याचा सराव कुणी करून घेत नसे. ज्याचा सराव मिळाला, तेच लवकर आलं.

आपल्याकडच्या जुन्या रीतींकडेही याच नजरेने पाहायला हवं. तेल लावून अंग रगडणं, मग पाय लांब करून बसलेल्या आजीच्या किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या नडग्यांवर बाळाला पालथं टाकून अंघोळ घालणं, ही महाराष्ट्रातल्या घरांतली रोजची गोष्ट. हलक्या हाताची मालीश बाळाला आवडते, त्या स्पर्शाने ते शांतही होतं. पण मालीश हा बाळाचा व्यायाम नव्हे, कारण तिथे हलवणारे हात दुसऱ्याचे असतात. नाक चिमटून सरळ करणं, हातपाय उलटसुलट ओढणं याने तर इजाच होऊ शकते. खरा फायदा मालीश झाल्यानंतर मिळतो. तेल लावलेलं बाळ चादरीवर पंधरा मिनिटं उघडं ठेवलं, की ते पायांचा सायकलसारखा खेळ करतं, मुठी तोंडाशी नेतं, कुशीवर वळायचा प्रयत्न करतं. हा वेळ घाईत कापू नये.

एक रीत मात्र सोडून द्यायलाच हवी. पाय वाकडे होऊ नयेत म्हणून ते सरळ जुळवून बाळाला दुपट्यात करकचून बांधतात. नवजात बाळाच्या खुब्याची खोबण अजून कूर्चेची, मऊ असते. मांड्या सरळ आवळून धरल्या, तर मांडीच्या हाडाचं डोकं खोबणीतून सरकण्याचा धोका असतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात पाय सरळ बांधू नयेत यासाठी मोठी मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. दुपटं खांद्यांभोवती नीट असावं, पण पाय आत बेडकासारखे फाकता आले पाहिजेत. बाळाला दोन्हीकडे पाय टाकून कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्यांसाठी उत्तम आहे. आणि पायांच्या बाकाचं म्हणाल, तर दीड-दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे दिसतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे आत वळलेले दिसतात आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात.

आता वॉकरबद्दल. चाकांच्या गोल चौकटीत झोळीसारखी बैठक आणि समोर संगीत वाजवणारा ट्रे, हा पहिल्या वाढदिवसाच्या आतच घरात येणारा आहेर. त्यात बसलेल्या बाळाचं वजन बैठकीवर असतं. ते चवड्यांनी जमीन ढकलतं. ट्रेखालचे स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सावरावा लागत नाही, पडावंही लागत नाही. चालण्यात जे शिकायचं असतं, ते सगळं इथे वगळलेलं असतं. शिवाय क्षणात ते जिन्याच्या तोंडाशी, गरम कुकरपाशी किंवा पाण्याच्या बादलीपाशी पोचतं. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अनेक वर्षं बंदीची मागणी करत आली आहे.

आपल्या आजोबांच्या काळचा लाकडी पांगुळगाडा याच्या नेमका उलट. तीन चाकं आणि धरायला आडवी दांडी. मूल मागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं, वजन स्वतः पेलतं आणि ढकलत पुढे जातं. गाडा निसटला, तर बसकण मारतं आणि पुन्हा दांडीकडे हात नेतं. धरून उभं राहू लागलेल्या मुलाला खेळणं आणायचंच असेल तर हे आणावं. मात्र सपाट जागी आणि कुणीतरी जवळ असताना.

चालायला लागलेल्या पायांना घरात बूट घालण्याचीही गरज नसते. मणिपालच्या राव आणि जोसेफ या अस्थिशल्यचिकित्सकांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. १९९२ च्या त्यांच्या अहवालात पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळलं. लहान बाळाचा तळवा चरबीमुळे सपाटच दिसतो; कमान पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू तयार होते. ती घडायला माती, गवत, वाळू आणि अंगणातली ओबडधोबड फरशी पायाला लागावी लागते. काचा, खिळे किंवा तापलेला रस्ता असेल तिथे चप्पल हवीच.

किती हालचाल पुरेशी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं दिली. न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात थोडं थोडं करून निदान अर्धा तास पालथं ठेवावं. झोपवताना उताणं आणि खेळताना पालथं, हा नियम लक्षात ठेवला की पुरे. वर्षानंतर दिवसाला किमान तीन तास हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या त्या तीन तासांतला एक तास धाप लागेल असा धावपळीचा असावा. सलग तासाहून अधिक वेळ मुलाला बाबागाडीत किंवा खुर्चीत अडकवून ठेवू नये. दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको आणि त्यानंतरही तासाच्या आतच. जेवण भरवताना समोर धरलेला मोबाइल या हिशेबात येतो.

तीन तास ऐकून घाबरायला नको. जिना चढणं, बादलीत पाणी ओतणं, भाजीच्या पिशवीतले बटाटे काढून टोपलीत टाकणं हे सगळं त्यात धरायचं. तीन वर्षांचं मूल तीनचाकी चालवतं, चौथ्या वर्षाच्या आसपास एका पायावर उड्या मारू लागतं आणि मग लंगडीच्या खेळात उतरतं. हाताचंही तसंच. बोरन्हाणाला डोक्यावरून सांडलेले चुरमुरे आणि हलवा वर्षाचं बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडतं, तेव्हा पुढे पेन्सिल धरणाऱ्या हाताची ती पहिली तयारी असते. (गोळ्या-शेंगदाणे मात्र त्यात नकोत, घशात अडकतात.) जन्मतः मनगटातली छोटी हाडं एक्सरेत दिसतही नाहीत, कारण ती अजून कूर्चेची असतात. तीन बोटांत पेन्सिल सहज धरणं चौथ्या-पाचव्या वर्षी जमतं. तरीही तिसऱ्या वर्षी ओळींच्या वहीत अक्षरं गिरवायला लावणाऱ्या बालवाड्या गल्लोगल्ली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात पानं, बिया, शंखशिंपले हेच शिकण्याचं साहित्य होतं. ते आजही तितकंच योग्य आणि तितकंच स्वस्त आहे.

हालचालीला इंधन लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. दुसरीकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी होते आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणून गुबगुबीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ हे समीकरण आपल्याकडे विशेष घातक आहे. सहा महिन्यांनंतर उष्टावण झाल्यावर डाळ, भाजी, अंडं, शेंगदाण्याचं कूट असं सकस अन्न आणि भरपूर खेळ, दोन्ही बरोबरीने हवं.

बसण्या-चालण्याची मुदत लांब आहे, पण तिला शेवट आहे. चौथा महिना संपूनही मान सावरत नसेल, नऊ महिन्यांत बसत नसेल, दीड वर्षात चालत नसेल, तर ‘याचे बाबाही उशिराच चालले’ म्हणून थांबू नये. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटत असेल, आधी येत असलेली गोष्ट करेनासं झालं असेल, तरीही लगेच डॉक्टरांना दाखवावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं. भारतीय बाळांसाठीच्या मोजपट्ट्याही आपल्याकडे आहेत, डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात रचलेल्या चाचणीत केवळ शारीरिक हालचालींच्या ६७ नोंदी आहेत. लवकर कळलं, तर फिजिओथेरपीने खूप काही साधतं.

ही तपासणी महागडी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहूनच सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि गरज असेल त्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, तेही विनामूल्य. पथक कधी येणार आहे, हे आपल्या अंगणवाडी सेविकेला आजच विचारून घ्या.