देण्याच्या रीती (भाग ७) : राशीतला वाटा आणि पट्टीवरचा धर्मादा

गेल्या आठवड्यात आपण जोगवा पाहिला. घरात कितीही सुबत्ता असो, रेणुकेच्या भक्तानं परडी घेऊन पाच घरं मागायचीच. आज खळ्यावरचं आणि बाजारातलं देणं पाहू, आणि त्यासाठी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईसारखं दुसरं गाव नाही. इथला हिरव्या मिरचीचा बाजार नावाजलेला आहे.

पूर्वी खळ्यावर रास पडली की धान्य घरी जायच्या आधी सूप हलायचं. सुतार, लोहार, कुंभार यांच्यासोबत मुलाणीही वाटा न्यायचा. या बलुत्याला काही जण गावाचं औदार्य म्हणतात. मला ते मान्य नाही. ती वर्षभराच्या कामाची मजुरी होती, आणि ज्यांना सर्वांत हलकी कामं लावली त्यांना ती उपकारासारखी मिळायची. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडलं ते याच जाचातून सुटण्यासाठी. खरं दान बलुत्याचा वाटा काढून झाल्यानंतरचं: वासुदेव, गोंधळी, फकीर, जो दारी येईल त्याच्या झोळीत पडणारी पसाभर ज्वारी. तिथं जात-धर्म कुणी विचारत नसे.

मुस्लिम शेतकऱ्यासाठी हाच वाटा धर्मानं मोजून दिला आहे. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा. विहिरीचं पाणी ओढून भिजवलं असेल तर विसावा. ज्याचा खर्च आणि घाम जास्त, त्याच्याकडून मागणी निम्मी! देणाऱ्याच्या कष्टाचा इतका विचार करणारा नियम मला फार मोलाचा वाटतो. मिरचीसारख्या लवकर नासणाऱ्या मालावर उश्र लागतो का, यावर जुन्या इमामांमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफांच्या मते लागतो. साठवलेल्या पैशावरची जकात वेगळी, चाळिसावा हिस्सा. ती बहुतेक धर्मशास्त्र्यांच्या मते गरजू मुस्लिमांसाठी असते, पण सदका, म्हणजे स्वेच्छेनं दिलेलं दान, शेजारच्या कुणालाही देता येतो.

आता बाजार. अडतीच्या हिशोबपट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई यांच्याखाली आपल्या पेठांतून एक बारीक रक्कम लिहिली जात आली आहे: धर्मादा. गोशाळा, पाणपोई, धर्मशाळा या नावानं शेकड्याला काही पैसे. ते मराठा शेतकऱ्याच्या पट्टीतून जातात, बागवानाच्या जातात, बौद्ध आणि बंजारा शेतकऱ्याच्याही. म्हणजे इथं न बोलता सगळे समाज एकाच पेटीत टाकतात.

ही पेटी कुणाची, याचं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५४ नुसार असा धर्मादा गोळा करणारा व्यापारी त्या रकमेचा केवळ विश्वस्त असतो, आणि त्याचा हिशोब त्यानं धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानंही १९७८ साली हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात, धर्मादा हे व्यापाऱ्याचं उत्पन्न नाही, असा निकाल दिला.

तरीही पाणपोईच्या फरशीवर नाव कोरलं जातं ते बहुधा पेढीचं. ज्यांच्या गोणीतून पैसा आला त्यांचा तिथं साधा उल्लेखही नसतो. पट्टीवर धर्मादा लिहिलेला दिसला तर तो कुठं खर्च झाला हे शेतकऱ्यानं अडत्याला जरूर विचारावं, आणि अडत्यानं वर्षाचा जमाखर्च पेढीच्या दारावर लावावा.

पुढच्या भागात : सप्ताहाची पंगत.