क्वार्टरबॅक बदला, मग बघा!

न्यू जर्सीत राहून हे वाक्य टाळता येत नाही. सोमवारी सकाळी न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीत ते ऐकू येतं, मंडळाच्या दिवाळी फराळात चकलीच्या जोडीला ऐकू येतं, आणि आता तर इथे जन्मलेली आमची पोरंही ते मलाच ऐकवतात. "काका, आकडे बघा ना! डार्नल्ड होता तेव्हा जेट्स तेरा सामने जिंकले आणि पंचवीस हरले. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?" पोरगा इंजिनिअरिंगला आहे. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे त्याला कॉलेजात नक्की शिकवलेलं असणार. रविवारी दुपारी एक वाजता सामना सुरू झाला की ते शिक्षण बाजूला पडतं.

त्याचा आकडा बरोबर आहे. जेट्सने २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर सॅम डार्नल्डला घेतलं, तीन मोसम खेळवलं, आणि त्याच्या नावापुढे १३ विजय आणि २५ पराभव लागले. भानगड आहे ती विजय-पराभव एका माणसाच्या नावावर चढवण्याच्या या पद्धतीत. ती किती हास्यास्पद आहे हे बघायचं असेल तर ११ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा.

ॲरन रॉजर्स नुकताच जेट्सकडे आला होता. मोसमाचा पहिलाच सामना, समोर बफेलो बिल्स. हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन तो धावत मैदानात आला आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. चौथ्या स्नॅपला बफेलोच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली पाडलं. रॉजर्स उठला, क्षणभर उभा राहिला आणि परत खाली बसला. टाचेची शीर, अकिलीस, तुटली होती. त्याचा मोसम तिथेच संपला. पुढचा सगळा सामना झॅक विल्सन खेळला. जॉर्डन व्हाइटहेडने बफेलोचे तीन पास पळवले, ब्रीस हॉलने दहा वेळा चेंडू घेऊन १२७ यार्ड काढले, आणि शेवटी जादा वेळेत झेव्हियर गिपसनने पंट परत आणत ६५ यार्ड पळून टचडाउन केला. जेट्स २२-१६ ने जिंकले. शेवटचा, सामना संपवणारा टचडाउन झाला तेव्हा जेट्सचा कुठलाच क्वार्टरबॅक मैदानावर नव्हता.

आता हा विजय कुणाचा? रूढ मोजणीत सामना जो सुरू करतो त्याच्या खात्यावर निकाल जमा होतो. प्रो फुटबॉल रेफरन्सवर रॉजर्सचं २०२३ साल उघडून बघा: एक पास, तोही अपूर्ण, एक सॅक, शून्य यार्ड. आणि विजय-पराभवाच्या रकान्यात एक-शून्य. म्हणजे त्या वर्षीचा जेट्सचा अजिंक्य क्वार्टरबॅक कोण, तर जो चार स्नॅप खेळला तो. या रकान्यावरून जर कुणी मला डार्नल्डची लायकी सांगणार असेल, तर मी चहा घ्यायला उठतो.

पास म्हणजे एका माणसाने चेंडू फेकणं नव्हे. खेळी ठरवतो बहुतेक वेळा प्रशिक्षक. तो ती हेल्मेटमधल्या स्पीकरवरून कळवतो आणि प्ले-क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. सेंटरने चेंडू दिल्यावर क्वार्टरबॅकला मिळतात साधारण अडीच-तीन सेकंद, आणि तीही समोरच्या पाच जणांनी धिप्पाड बचावपटूंना रोखून धरलं तर. धावपटूने अचानक घुसणारा माणूस ओळखून अडवला पाहिजे. रिसिव्हरने ठरलेल्या यार्डावरच वळलं पाहिजे, कारण बऱ्याच वेळा तो वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. तो दोन पावलं पुढे जाऊन वळला तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर जातो. घरी सोफ्यावर बसलेल्याला एवढंच दिसतं की, 'ह्याने त्यांनाच दिला!'

आकडेवारीही तेच लिहिते. रिसिव्हरच्या दोन्ही हातांत बसलेला चेंडू उडून प्रतिस्पर्ध्याने पकडला तरी इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर. आपल्याकडे स्लिपमध्ये झेल सुटला तर निदान गोलंदाजाबद्दल हळहळतात. इथे झेल सोडणारा नामानिराळा राहतो आणि शिव्या फेकणाऱ्याला.

२०१२ च्या थँक्सगिव्हिंगचा किस्सा तर अजून दरवर्षी उगाळला जातो. मार्क सँचेझ आपल्याच गार्डच्या, ब्रँडन मूरच्या, पार्श्वभागावर आदळला, हातातून चेंडू निसटला आणि पेट्रियट्सने तो उचलून टचडाउन केला. दृश्य हास्यास्पद होतं, नाही कोण म्हणतो? पण त्या रात्री ५२ सेकंदांत पेट्रियट्सने तीन टचडाउन केले होते. पहिला त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, ब्रेडीच्या, पासवर ८३ यार्डांचा, म्हणजे चूक जेट्सच्या बचावाची. तिसरा किकऑफ परत आणताना सुटलेल्या चेंडूवर, तेव्हा सँचेझ बाकावर होता. मधल्या टचडाउनमध्येसुद्धा मूरला मागे ढकलत आणलं होतं विन्स विलफोर्कने. सामना ४९-१९ ने गेला. आठवणीत काय राहिलं, तर सँचेझ आणि मूरची मागची बाजू. हाच सँचेझ २००९ आणि २०१० च्या मोसमांत जेट्सला एएफसीच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला होता, असं तेव्हा हेच लोक म्हणत. तेही अर्धसत्यच होतं. नेणारा मुख्यतः तेव्हाचा प्रशिक्षक रेक्स रायनचा बचाव होता. पण पोस्टर बचावाचं लावत नाहीत.

डार्नल्डकडे परत येऊ. २१ ऑक्टोबर २०१९ ला पेट्रियट्सने जेट्सना ३३-० ने धुतलं. डार्नल्डने चार इंटरसेप्शन दिले, आणि अंगावर लावलेल्या मायक्रोफोनमुळे 'मला भुतं दिसताहेत' अशा अर्थाचं त्याचं पुटपुटणं देशभर ऐकू गेलं. झालं, शिक्का बसला. त्याच्यापुढची लाइन कशी होती, आजारपणातून उठून त्याला खेळायला जेमतेम दुसराच आठवडा होता, यात कुणाला रस नव्हता. २०२१ मध्ये त्याला कॅरोलिनाला पाठवून दिलं. २०२४ मध्ये मिनेसोटात केव्हिन ओ'कॉनेलसारखा खेळी आखणारा आणि जस्टिन जेफरसनसारखा रिसिव्हर मिळाल्यावर त्याच माणसाने ४,३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन फेकले, आणि संघ १४-३ राहिला. पुढे प्लेऑफमध्ये रॅम्सनी त्याला एका सामन्यात नऊ वेळा सॅक केलं, मिनेसोटा हरलं, आणि आमच्याकडे लगेच जयघोष: 'बघा, शेवटी तो तोच!' नऊ सॅक! लाइन नावाची गोष्ट त्या दिवशी होती कुठे?

तो एकटा असता तर अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण जिनो स्मिथ आहे. २०१३ मध्ये जेट्सने घेतला. २०१५ मध्ये सहाशे डॉलरच्या वादातून एका सहखेळाडूने ठोसा मारून त्याचा जबडा मोडला, जागा गेली, 'टाकाऊ' ठरला, आणि बरीच वर्षं तो राखीव म्हणून बसून राहिला. २०२२ मध्ये सिएटलकडून खेळताना पूर्ण झालेल्या पासांच्या टक्केवारीत, ६९.८, तो लीगमध्ये पहिला होता. पुनरागमनाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

याचा अर्थ क्वार्टरबॅकने फरक पडत नाही असा काढू नका. मैदानावर त्याच्याइतका फरक दुसऱ्या कुणाने पडत नाही, म्हणूनच सगळ्यात जास्त पैसे त्याला मिळतात. आणि जेट्सने सोडलेला प्रत्येक जण हिराच असतो असंही नाही. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला झॅक विल्सन २०२४ मध्ये डेन्व्हरला गेला आणि मोसमभर एकदाही मैदानावर उतरला नाही. मुद्दा एवढाच की कोण डार्नल्ड आणि कोण विल्सन, हे विजय-पराभवाच्या रकान्यातून कळत नाही. जेट्सचे मालक, व्यवस्थापक आणि चाहते मात्र वर्षानुवर्षं तोच रकाना वाचताहेत. २०१० च्या मोसमानंतर संघ प्लेऑफला गेलेला नाही. एवढ्या काळात क्वार्टरबॅक किती आले-गेले, बोटं पुरणार नाहीत.

मग हुकमी पत्ता बाहेर येतो: जो नेमथ. 'एका क्वार्टरबॅकने आपल्याला सुपर बोल जिंकून दिला की नाही?' जानेवारी १९६९, बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्ध १६-७. नेमथने आधी छातीठोकपणे विजयाची हमी दिली होती आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पण त्या सामन्यात त्याने एकही टचडाउन पास फेकला नाही, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तर एकही पास फेकला नाही. जेट्सचा एकमेव टचडाउन मॅट स्नेलने पळून केला, तो त्या दिवशी १२१ यार्ड धावला. उरलेले गुण जिम टर्नरने तीन फिल्ड गोल मारून जमवले, आणि बचावाने कोल्ट्सचे चार पास पळवले. नेमथ थोर होताच. एका मोसमात चार हजार यार्डांचे पास फेकणारा तो पहिला. पण त्याच्याही नावावर कारकिर्दीत १७३ टचडाउन आणि २२० इंटरसेप्शन आहेत, आणि विजयांपेक्षा एक पराभव जास्तच. आजच्या हिशेबाने त्याला तिसऱ्या वर्षी हाकललं असतं.

आता बाकीचे गैरसमज झटपट.

'आधी चेंडू घेऊन पळा, मगच पास चालतील.' पळण्याचं सोंग करून पास फेकायचा, त्या प्ले-ॲक्शनसाठी आधी पळून धाक बसवावा लागतो, असं समालोचकही सांगतात. बेन बाल्डविन यांनी २०१८ मध्ये फुटबॉल आउटसायडर्ससाठी हे तपासलं. संघ किती वेळा पळतो किंवा किती चांगला पळतो, याचा प्ले-ॲक्शनच्या यशाशी संबंध सापडला नाही. 'जास्त पळणारे संघ जिंकतात' हेही उलटं आहे: आघाडी घेतलेला संघ घड्याळ संपवायला शेवटी पळत बसतो.

'पासर रेटिंग म्हणजे शंभरपैकी गुण.' नाही. कमाल १५८.३ आहे, आणि त्यात सॅक किंवा क्वार्टरबॅकने स्वतः पळून काढलेले यार्ड धरलेलेच नाहीत.

'पूर्वीच्या क्वार्टरबॅकना फेकता येत नव्हतं.' १९७८ मध्ये नियम बदलले. पाच यार्डांपलीकडे रिसिव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली, लाइनमनना हात उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. त्याआधीचे आकडे आजच्या शेजारी ठेवून हसू नका.

दंडाबद्दल मात्र थोडं थांबावं लागेल, कारण तिथे गैरसमज रागातून येतो. 'लीग खेळाडूंकडून दंड उकळते आणि गब्बर होते.' मैदानावरच्या दंडाचा पैसा मालकांच्या गल्ल्यात जात नाही. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या करारानुसार तो माजी खेळाडूंच्या मदतीसाठी आणि खेळाडूंच्या आरोग्य-सुरक्षेच्या कामांसाठी दिला जातो. दंडाच्या रकमांचं दरपत्रक आधीच जाहीर असतं. खेळाडूला अपील करता येतं, आणि ते ऐकणारे अधिकारी दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेले माजी खेळाडू असतात. डेरिक ब्रुक्स आणि जेम्स थ्रॅश यांनी हे काम बरीच वर्षं केलं. शिवाय पंचाचा पिवळा रुमाल वेगळा आणि दंड वेगळा. रुमाल पडला नाही तरी नंतर चित्रफीत बघून दंड होऊ शकतो, आणि रुमाल पडला म्हणजे दंड होतोच असं नाही.

'मोठ्या खेळाडूंना दंड होत नाही' हेही खोटं. पंचांवर तोंडसुख घेतल्याबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पॅट्रिक महोम्सला ५० हजार डॉलर आणि त्याचे प्रशिक्षक अँडी रीड यांना एक लाख डॉलर भरावे लागले. २०१४ मध्ये पत्रकारांशी बोलायचं टाळलं म्हणून मार्शॉन लिंचला एक लाखाचा फटका बसला. पुढच्या सुपर बोलच्या आधी तो पत्रकारांसमोर येऊन बसला आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत राहिला, की दंड होऊ नये म्हणून आलोय. लीगच्या प्राधान्यांची थट्टा करायची तर अशी करावी. डोक्याला इजा करणारी टक्कर आणि न बोलणं, दोन्हींना एकाच दंडुक्याने हाणणं मलाही पटत नाही. पण ते न पटणं वेगळं आणि 'पैसे खाल्ले' म्हणणं वेगळं.

जेट्सवाल्यांनी तर यात जरा जपूनच बोलावं. डिसेंबर २०१० मध्ये आपल्याच प्रशिक्षकवर्गातल्या साल अलोसीने सीमारेषेवर उभं राहून गुडघा पुढे केला आणि धावत येणाऱ्या मायामीच्या नोलन कॅरोलला पाडलं. संघाने त्याला निलंबित केलं आणि २५ हजारांचा दंड केला. लीगने संघालाच एक लाखाचा केला. यात कसला अन्याय?

'एनएफएल कर भरत नाही' हे अजून फिरतंच आहे. करमाफी होती ती फक्त लीगच्या मध्यवर्ती कार्यालयाला, आणि तीही त्यांनी २०१५ मध्ये सोडली. संघ आधीपासून कर भरतात.

आणि हो, 'न्यूयॉर्कवाल्यांचा संघ आहे, आपल्याला काय त्याचं' असं म्हणणाऱ्या एडिसनकरांसाठी: जेट्स १९८४ पासून आपले घरचे सामने ईस्ट रदरफर्डला खेळतात आणि सराव फ्लोरहम पार्कला करतात. दोन्ही ठिकाणं न्यू जर्सीत आहेत.