तिसऱ्या रात्री संपणारी बाटली

“लेकराचं पोट उडतंय,” म्हणत आई दवाखाना गाठते. न्यूमोनियावरच्या अँटिबायोटिक पावडरची छोटी बाटली मिळते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, सकाळ-संध्याकाळ ५ मिली पाजायचं. बाटली ३० मिलीची. म्हणजे तिसऱ्या रात्री रिकामी. कोर्स ५ दिवसांचा असेल तर दुसरी बाटली हवी, आणि तोवर ताप उतरून पोर अंगणात खेळत असतं. धाराशिव जिल्ह्यातल्या लेकरांच्या न्यूमोनियावरच्या उपचारांचा गेल्या तीसेक वर्षांचा मागोवा घेताना मला ही बाटलीच आधी आठवते. औषध अर्धवट राहिलं की ठपका आईवर येतो. तो तिच्यावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

गावातल्या साध्या बाईच्या हाती औषध सोपवता येतं, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला: गावातल्याच कार्यकर्त्यांनी आणि सुईणींनी ओळखलेला न्यूमोनिया, त्यांनीच दिलेलं को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक. उपचार झालेल्या मुलांतलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली राहिलं.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सास्तूर आणि आसपासची गावं मोडली. त्यानंतरच्या वर्षांत तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरहून डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या. औषधाइतकंच मोलाचं होतं ते त्यांचं दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाराशी येणं. “बाळ दूध ओढतंय का? बाटलीत किती उरलंय?” हे विचारायला कुणी येणार असलं की पाजणं सुटत नाही.

दरम्यान कोर्सही बदलला. २००४ साली भारतातल्याच एका मोठ्या चाचणीत सौम्य न्यूमोनियाला ३ दिवसांचं अमॉक्सिसिलिन ५ दिवसांइतकंच लागू पडलं. म्हणून ‘पूर्ण कोर्स’ म्हणजे त्या मुलाला डॉक्टरांनी लिहून दिलेले दिवस. शेजारणीच्या नातवाचे नव्हेत. साध्या सर्दीला तर हे औषध लागतच नाही. आणि भिजवलेल्या बाटलीतलं उरलेलं औषध पुढच्या तापासाठी फळीवर जपून ठेवू नये, ते टिकत नाही.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा बदल म्हणजे पाण्यात विरघळणारी अमॉक्सिसिलिनची गोळी. चमचाभर पाण्यात नाहीतर आईच्या दुधात ती विरघळते. फ्रिज नको, खुणेचं पाणी नको, चमचा मोठा की लहान हा घोळ नको. शिवाय पट्टीतले उरलेले दिवस आईला डोळ्यांनी मोजता येतात. २०१९ साली केंद्राच्या ‘सांस’ मोहिमेने न्यूमोनियाच्या बाळाला पुढे पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देण्याचं काम आशाताईंवर सोपवलं. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, त्याहून मोठ्या, पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा ४० किंवा जास्त, ही न्यूमोनिया ओळखण्याची मोजणी आता त्यांच्या रोजच्या कामातली झाली.

अजून सुटलेलं नाही ते ऊसतोडीचं. भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात, कधी आजारी लेकरासकट. फडावरच्या कोपीत तिसऱ्या दिवशी विचारायला गावची आशाताई नसते. म्हणून आशाताईंनी निघायच्या आदल्या दिवशीच उरलेल्या गोळ्या मोजून आईच्या हाती द्याव्यात, मुकादमाचा फोन नंबर वहीत लिहून घ्यावा, आणि तिसऱ्या दिवशी त्यावरून आईला फोन लावावा.